बोट लागली

मराठी प्रवासवर्णनात कुणालाही बोट लागत नाही. धक्क्याला लागते, माणसाला लागत नाही. गेली चाळीसएक वर्षे मी हा वाङ्मयप्रकार मन लावून वाचत आलो आहे. दर गुरुवारी सौ. दत्ताच्या देवळात आणि मी वाचनालयात, असा आमच्या घरचा शिरस्ताच आहे. एवढ्या वर्षांत मी लेखकांचे बोट धरून नॉर्वेचे फियॉर्ड पाहिले, काश्मीरची सरोवरे पाहिली, गंगासागर केला. पण लेखकाला ओकारी झालेली एकदाही पाहिली नाही. वास्तविक आपण मराठी माणसे म्हणजे खंबाटकीचा घाट सुरू व्हायच्या आत नाकाशी लिंबू धरणारी. एस.टी.तल्या खिडकीच्या जागेवरून आपल्याकडे जी भांडणे होतात, ती काही सृष्टिसौंदर्यापायी होत नाहीत. पण हीच माणसे प्रवासाहून परत आली, हातपाय धुऊन लिहायला बसली, की त्यांच्या पोटातले ढवळणे थांबते आणि हृदयातले सुरू होते.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे आमच्या मेहुण्यांचा लेख. मेहुणे बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात साहित्यात रुजू झाले. त्यांच्या सोसायटीच्या २०२३ च्या दिवाळी अंकात ‘निळाईच्या कुशीत’ हा त्यांचा अंदमानवरचा लेख अकरा पाने छापून आला. अंक एकूण चौतीस पानांचा, त्यात नऊ पाने जाहिरातींची. म्हणजे त्या वर्षीच्या त्या सोसायटीतल्या मराठी साहित्याचा जवळजवळ निम्मा भार मेहुण्यांनी एकट्याने उचलला. पुढे सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर या लेखावर चर्चा ठेवली, तेव्हा ‘बाहेरचे समीक्षक’ म्हणून मला बोलावणे आले. बाहेरचे म्हणजे दोन गल्ल्या पलीकडचे. चिटणीस फोनवर म्हणाले, “तुम्ही अगदी परखड बोला हं. फक्त ते आमच्या लिफ्ट समितीचे अध्यक्ष आहेत, आणि लिफ्ट अजून बसायची आहे, एवढं ध्यानात ठेवा.” मी ध्यानात ठेवले. वीस मिनिटे गोड बोललो. तिथे जे बोललो नाही ते इथे लिहितो.

मी या लेखाकडे निव्वळ वाचक म्हणून पाहू शकत नाही, कारण त्या सहलीला मीही होतो. डिसेंबर २०२२. आई (तेव्हा तिला ऐंशी पुरी झाली होती), ताई, मेहुणे, सौ., चिरंजीव आणि मी, अशी सहा माणसे. मुंबईहून विमानाने पोर्ट ब्लेअर. या गावाचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले, पण आम्ही गेलो तेव्हा ते पोर्ट ब्लेअर होते. तिथून बोटीने हॅव्हलॉक बेट, बेटावर समुद्रकाठच्या लाकडी कुटीत तीन रात्री, आणि पुन्हा बोटीने परत. प्रवास एवढाच. पण या एका प्रवासावर चार संहिता उपलब्ध आहेत, आणि चारही माझ्या घरात आहेत. प्राचीन काव्यांच्या पाठभेदांवर हयात घालवणाऱ्या विद्वानांनासुद्धा असा योग क्वचित येत असेल.

पहिली संहिता प्रवासाच्या आधीची. प्रवास कंपनीचे माहितीपत्रक. कंपनीचे नाव घेत नाही. माहितीपत्रकाचा लेखक कोण हे बहुधा तिलाही ठाऊक नसावे. मथळा होता ‘हिवाळी कौटुंबिक सहल’. यातला ‘हिवाळी’ हा शब्द आईने वाचला आणि कपाटातून निळी लोकर काढली. चिरंजीव तिला समजावायला गेले. “आजी, अंदमान विषुववृत्ताकडे आहे गं. डिसेंबरातसुद्धा तिथे पहाटे बावीस-तेवीस असतं. हिवाळाच नाही तिथे.”

आई सुया न थांबवता म्हणाली, “मग यांनी छापलंय कशाला?”

या प्रश्नाला समीक्षाशास्त्रात उत्तर नाही. महिनाभरात स्वेटर झाला, आणि उरलेल्या लोकरीची कानटोपी झाली.

माहितीपत्रकाचा लेखक कल्पनाशक्तीने मात्र भरलेला होता. ‘आपल्या कुटीच्या उंबऱ्याशी समुद्र’ असे त्याने लिहिले होते. हे अर्धसत्य आहे, आणि अगदी हिशेबाने अर्धे. त्या किनाऱ्याला भरती असली की समुद्र उंबऱ्याशी असतो. ओहोटी लागली की तो जो मागे जातो, तो पार दिसेनासा होतो आणि समोर राहतात खडक, चिखल आणि खेकडे. ‘राधानगरचा किनारा आशियात सर्वोत्तम’ असेही होते. हे ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ मध्ये म्हटले होते, तेव्हा त्याबद्दल लेखकाला दोष देता येत नाही. पण ‘समुद्रात पोहणारा हत्ती’ या चित्राचे काय करायचे? लाकडाच्या कामासाठी या बेटांवर आणलेला राजन नावाचा हत्ती समुद्रात पोहायचा, हे खरे आहे. तो २०१६ मध्ये वारला. आमच्या माहितीपत्रकात तो २०२२ च्या डिसेंबरातही पोहत होता.

आणि शेवटी, ‘सायंकाळी सहा वाजता सूर्यास्तदर्शन’. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे; पुढे लागणार आहे.

आता दुसरी संहिता, म्हणजे मेहुण्यांचा लेख. त्याचे पहिले वाक्य असे: ‘सागराची ती अथांग निळाई पाहून मी नि:शब्द झालो.’ इथे कुठल्याही सुजाण वाचकाने पुढची अकरा पाने मोजून पाहावीत. प्रवासवर्णनकार नि:शब्द झाला की वाचकाने पाणी पिऊन यावे, हा माझा अनुभव आहे. पण हा दोष मेहुण्यांचा एकट्याचा नाही. माझा आक्षेप आहे तो तिसऱ्या पानावरच्या एका वाक्याला. पोर्ट ब्लेअर ते हॅव्हलॉक हा बोटीचा प्रवास मेहुण्यांनी असा उरकला आहे: ‘लाटांशी हितगुज करीत आमची नौका दीड तासात बेटावर पोहोचली.’

हे हितगुज मी शेजारच्या खुर्चीवरून पाहिले आहे. ही खासगी बोट म्हणजे काचा बंद केलेला एक मोठा डबा. विमानासारख्या खुर्च्यांच्या रांगा, समोर पडद्यावर हिंदी गाणी, आणि वातानुकूलन इतके कडक, की आईचा स्वेटर पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला आणि सहल खरोखरच हिवाळी झाली. (चिरंजीवांनी एक बाही मागून पाहिली. मिळाली नाही.) बंदराच्या बाहेर पडल्यावर बोट डोलू लागली. मेहुण्यांनी लाटांशी बोलायला सुरुवात केली ती कागदी पिशवीतून. जे काही सांगायचे ते त्यांनी सकाळच्या न्याहारीपासून सुरू करून, मागे मागे जात, क्रमाने सांगितले. लाटांचे म्हणणेही ठाम होते. ताई एका हाताने त्यांची पाठ चोळत होती आणि दुसऱ्या हाताने त्यांचा चष्मा सांभाळत होती. सौ. लिंबे कापून पुढे करत होती. दीड तासात आमच्या कुटुंबातल्या सहा माणसांच्या स्वभावाबद्दल जेवढे कळले, तेवढे वीस वर्षांच्या गणपतीत कळले नव्हते. आणि हे सगळे ‘हितगुज’ या एका शब्दात!

आता तुम्ही म्हणाल, लेखकाने सभ्यता पाळली, ओकाऱ्यांचे वर्णन कोण वाचणार? मान्य. पण मराठी भाषेला हे जमत नाही असे कुणी म्हणू नये. मेहुण्यांच्याच लेखातली दोन माहितीवजा वाक्ये घेतो. एकात ते सांगतात, की या बेटाला ज्याचे नाव होते तो हेन्री हॅव्हलॉक १८५७ च्या लढाईतला इंग्रज सेनापती, आणि २०१८ मध्ये बेटाचे नाव बदलून स्वराज द्वीप झाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आता पाहा, हॅव्हलॉकने कानपूर घेतले ते १८५७ मध्ये, आणि त्याच वर्षी पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडावे म्हणून उत्तरेकडे चालत निघाले होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढाच हेतू. बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीत अडकले, मिळवलेले लुटले गेले, आणि घरी आले ते गंगेची कावड घेऊन. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापले गेले. त्यात भटजी भूक सांगतात, भीती सांगतात, किती मिळाले आणि किती गेले तेही सांगतात. त्यांना आपण नि:शब्द झालो असे कुठे वाटलेले दिसत नाही. पोटासाठी निघालेल्या माणसाला तेवढी सवड नसावी.

दुसरे वाक्य ‘माझी जन्मठेप’बद्दलचे. अंदमानला जाणाऱ्या प्रत्येक मराठी लेखकाला या पुस्तकाचे नाव घ्यावेच लागते. मेहुण्यांनी तीनदा घेतले आहे. १९२७ च्या त्या पुस्तकात सावरकरांनी १९११ सालचा ‘महाराजा’ बोटीवरचा प्रवास लिहिला आहे. तळाच्या पिंजऱ्यात कोंबलेले कैदी, तिथली घाण, शौचाचे पिंप, सगळे आहे. तेव्हा अंदमानच्या बोटीत माणसांचे काय होते, हे मराठीत लिहिले गेले नाही असे नव्हे. मेहुण्यांनी त्या पुस्तकातून पिंप सोडून बाकी सगळे घेतले.

या प्रकारच्या लेखनात होते ते असे, की लेखक घरून निघतो तो थेट ‘पोहोचतो’. मधल्या वेळात तो नुसता उतारू असतो, आणि उतारूला आत्मा नसतो अशी समजूत आहे. आत्मा किनाऱ्यावर उतरताच परत मिळतो, सामानाबरोबर. त्यातून लेखात माणसे येतात ती ‘भोळीभाबडी स्थानिक माणसे’ म्हणून, घाऊक. मेहुण्यांच्या अकरा पानांत आईच्या वाट्याला एक वाक्य आले आहे: ‘सासूबाईंचा उत्साह तरुणांना लाजवणारा होता.’ ताईच्या वाट्याला ‘सौ.ने डबा सोडला’. लाटांच्या वाट्याला सव्वादोन पाने.

तिसरी संहिता चिरंजीवांची. मोबाइलवरची चारशे बारा छायाचित्रे. त्यांतल्या तीनशेत चिरंजीव स्वत:च आहेत आणि मागे कुठेतरी बंगालचा उपसागर. पण एक चाळीस सेकंदांची चलत्-चित्रफीत आहे, चुकून बटण दाबले गेल्यामुळे निघालेली. तिच्यात नुसते सरकारी बोटीच्या तळपट्टीवरचे पाय दिसतात, इंजिनाची घरघर ऐकू येते, आणि मधेच आईचा आवाज येतो, “मधे बसा रे, टोकाला नाचवते.” माझ्या मते चिरंजीवांच्या संग्रहातली ही एकच कलाकृती आहे. चुकून निघालेली असल्यामुळे तिचे श्रेय त्यांना देता येत नाही.

आता चौथी. सौ.ची जमाखर्चाची वही.

ही वही बघायला कुणाची परवानगी लागत नाही. ओट्याशेजारच्या खणात, रेशनकार्डाखाली ती असते. फक्त ती कुणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती. परिसंवादासाठी तिकिटांची रक्कम हवी होती म्हणून काढली आणि उभ्या-उभ्या सगळी वाचली. डावीकडे तारीख, मधे तपशील, उजवीकडे रुपये. शैली इतकी आटोपशीर, की विशेषण शोधूनही सापडत नाही. एक सापडले तेही नारळाचे: ‘ता. २३. शहाळी ६, पैकी १ नासके — ३००.’

‘ता. २४. व्हीलचेअर, आईंसाठी. बसल्या नाहीत — २००.’ आईच्या उत्साहाबद्दल मेहुण्यांनी जे सांगितले तेच इथे आहे, पण इथे ते खरे वाटते, कारण दोनशे रुपये गेले आहेत. त्याखाली: ‘लिंबे ४ — ४०. भाऊजी ३.’ झाले. बोटीचा सगळा प्रवास. चार लिंबांतली तीन कुठे गेली हे समजले, की त्या दीड तासात काय झाले असेल ते वाचक आपले आपण रंगवू शकतो. शेवटी: ‘भाऊजींचा शर्ट, धुलाई — ६०.’ हितगुजाचा खर्च.

मेहुण्यांच्या लेखात राधानगरच्या सूर्यास्ताला दोन पाने आहेत. ‘सुवर्णरसाचा कलंडलेला कलश’ वगैरे. वहीत त्या दिवशीची नोंद आहे: ‘ता. २५. बॅटरीचे सेल २ — ६०. किनाऱ्यावर पोचलो ५.४०.’ आता थोडे भूगोलाचे. घड्याळ सगळ्या देशाचे एक असले तरी ही बेटे पूर्वेला फार दूर आहेत, म्हणून तिथे सगळे लवकर आटोपते. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमाराला मावळतो. म्हणजे माहितीपत्रकावर विश्वास ठेवून सहाच्या सूर्यास्ताला वेळेआधी पोचलेल्या आमच्या मंडळींनी तिथे बॅटरी लावून एकमेकांच्या चपला शोधल्या. कलश आम्ही यायच्या आधीच कलंडून, विसळून, पालथा घातला होता. मेहुण्यांनी तो दोन पाने ओतला याचे मला कौतुकही वाटते. डोळ्यांनी पाहून वर्णन करणारे पुष्कळ आहेत.

‘ता. २६. बाजार, तीन नंबर. केळी, काकडी, मेणबत्त्या — १३०.’ हॅव्हलॉकवर गावांना आणि किनाऱ्यांना सर्रास आकड्यांनी ओळखतात. ही गावे बहुतेक बंगाल्यांची. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना १९५० च्या दशकात सरकारने इथे जमिनी देऊन वसवले. त्यांनी जंगल मोडून भात केला, नारळ-सुपारी लावली. मेहुण्यांच्या लेखातली ‘भोळीभाबडी स्थानिक माणसे’ ती हीच. दोन देशांच्या कागदपत्रांतून तरून आलेली माणसे भोळी कशी राहतील, हे मला कळत नाही. सौ.ने केळेवालीशी घासाघीस केली त्याची नोंद आहे: ‘मागितले ६०, दिले ६०.’

त्याच पानावर समासात एक ओळ आहे. ‘कुटीतून समुद्र — फक्त सकाळी.’ माहितीपत्रकावर याहून नेमकी टीका मला लिहिता आली नसती.

आणि मग ता. २७.

त्या दिवशी समुद्र खवळला होता आणि आमची खासगी बोट रद्द झाली. (‘परतावा येणे’ अशी नोंद आहे, पुढे दोन वेळा अधोरेखित केली आहे.) जागा मिळाली ती सरकारी बोटीत. या परतीच्या प्रवासाबद्दल मेहुण्यांच्या लेखात एक अक्षर नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणेही बरे नाही, कारण ते डोळ्यांवर रुमाल टाकून बाकावर आडवे होते. पण खरी बोट ती. बेटावरच्या लोकांची ती एस.टी. आहे, बाजार आहे आणि रुग्णवाहिकाही आहे. भाजीची पोती, सायकल, कॉलेजची पोरे, लग्नाला निघालेली मंडळी, सगळी तिच्यात. त्यांना तिकीट स्वस्त, आपल्याला महाग. आणि ते योग्यच आहे, आपण मजा करायला आलेलो असतो. अडीच तासांचा प्रवास, उघडा डेक, वारा आणि उडणारे पाणी.

आई तिथे एकदम घरी आल्यासारखी झाली. ती मालवणकडची. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने गेलेली, पडावातून किनाऱ्याला उतरलेली. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली, तेव्हा ती पाच वर्षांची होती. कोकणातल्या मुलांना बोट म्हणजे काय ते सांगायला त्यानंतर तो एक शब्द पुरायचा. तेव्हा आईला बोटीत बसायचे कसे हे ठाऊक होते, आणि बोटीत बसलेली माणसे कुठे-कुठे निघालेली असतात हेही. तिने बोटीच्या मधोमध बाक धरला, क्षितिजाकडे तोंड केले, आणि शेजारच्या बाईकडे पाहिले.

बाईच्या मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी होती. अंगावर पातळ फ्रॉक, वर आईचा पदर, आणि दात वाजत होते. आईला बंगाली येत नाही, बाईला मराठी येत नव्हते. बाई काहीतरी म्हणाली त्यातला एक शब्द ‘जॉर’ असा होता. आईने लहानपणी वैद्यांच्या तोंडून ‘ज्वर’ ऐकलेला. एवढे भाषाशास्त्र पुरले. तिने अंगातला निळा स्वेटर काढला आणि पोरीच्या अंगात घातला; बाह्या दोनदा दुमडल्या. कानटोपी घातली. मग पोरीला स्वत:च्या मांडीवर घेतले, कारण बाईला बोट लागायला आली होती. अडीच तास ती पोर आईच्या मांडीवर होती. अकरा अंश अक्षांशावर, डिसेंबरात, त्या स्वेटरची अखेर कुणालातरी गरज निघाली. हे आम्ही सगळ्यांनी पाहिले. रुमालाखालच्या मेहुण्यांखेरीज.

धक्क्यावर उतरल्यावर ती मायलेकरे गर्दीत दिसेनाशी झाली. आम्ही हॉटेलवर गेलो. सौ. “भाऊजींच्या गोळ्या आणते” म्हणाली आणि गेली ती सव्वा तासाने आली. “दुकान लांब होतं,” म्हणाली. इथपर्यंत आम्हा सर्वांची कथा सारखी आहे. वहीची पुढे जाते.

‘ता. २७. आईंचा स्वेटर, निळा — दिला. कानटोपी — दिली. रिक्षा, दवाखाना — १५०. रिक्षा परत — १५०. भाऊजींच्या गोळ्या — ३५.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा सेल्युलर जेलचा कार्यक्रम होता. सौ.चे पाय दुखत होते, ती आली नाही. मेहुण्यांच्या लेखात याला तीन ओळी आहेत. ‘पाय दुखत असल्यामुळे आमच्या वहिनी मात्र त्या तीर्थक्षेत्राच्या दर्शनाला मुकल्या, याची हळहळ आम्हा सर्वांना आयुष्यभर लागून राहील...’ आणि वहीत त्याच तारखेला: ‘जमा, आईंकडून — ५००. मोसंबी, दूध, बिस्किटे — १८५. मुलीच्या आईस — ३१५.’ त्याखाली आणखी एक ओळ आहे. तिला रक्कम नाही म्हणून ती तपशिलात लिहायची की रुपयांत, असा सौ.ला बहुधा प्रश्न पडला असावा. तिने ती उजवीकडे, रुपयांच्या रकान्यात लिहिली आहे. ‘मुलगी उठून बसली.’

मी वही घेऊन आईच्या खोलीत गेलो. “तुला ठाऊक होतं हे?”

“ठाऊक काय? मीच पाठवलं तिला. मोठ्या दवाखान्यात बाई एकटी, भाषा येत असली तरी चार धावपळीची कामं असतात. मला जेल बघायचं होतं, नाहीतर मीच गेले असते.”

“मग आम्हाला सांगितलं का नाहीस?”

“जावईबापूंना आधीच मळमळत होतं,” आई म्हणाली. “त्यात आणि दवाखाना कुठे ऐकवा?”

सौ.ला विचारले तर ती कुकरची शिटी मोजत होती. दोन झाल्यावर म्हणाली, “तू वही काढलीस तर काढलीस, त्यातलं रेशनकार्ड कुठे ठेवलंस?” सेल्युलर जेल चुकल्याचे तिला वाईट वाटते का, असेही मी विचारले. वाटते, म्हणाली. पुन्हा जायचे आहे. पण समुद्र फार खवळत नाही अशा दिवसांत, आणि माहितीपत्रक न वाचता.

एखाद्या परिसंवादात मी ही वही वाचून दाखवावी, असे माझ्या मनात होते. मेहुण्यांच्या सोसायटीने यंदाच्या अंकासाठी साहित्य मागवलेही आहे. सौ. तयार नाही. “छापायची? आणि मागच्या पानांवर दूधवाल्याचे खाडे आहेत, ते कोण वाचणार?” मी म्हटले, “मी.” तिने वही पुन्हा खणात टाकली.

मेहुण्यांचा त्या लेखाचा उत्साह मात्र ओसरलेला नाही. लिफ्ट बसली, तेव्हा आता ते मोकळे आहेत. येत्या डिसेंबरात केरळात जायचे, हाउसबोटीत राहायचे असे त्यांनी ठरवून टाकले आहे, आणि लेखाचा मथळाही तयार आहे. (‘हिरवाईच्या कुशीत’.) प्रवास कंपनी तीच. माहितीपत्रक परवाच घरी आले. त्यावर ‘हिवाळी’ असे ठळक अक्षरांत आहे.

चिरंजीव या वेळी काही बोलले नाहीत. आईने कपाट उघडले. निळी लोकर संपली होती. सौ.ने नवी वही सुरू केली आहे. तिच्या पहिल्या पानावर सध्या एकच नोंद आहे. ‘लोकर, तपकिरी, ३ गोळे — २७०. लहान मापाचा.’